नव्या हायब्रिड एसयूव्हीच्या नोंदी: पहिले तीन हजार किलोमीटर

गाडी: पाच जणांची, पुढच्या चाकांवर चालणारी फुल हायब्रिड एसयूव्ही, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटरी दोन्हींवर चालणारी. 1.5 लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, प्लॅनेटरी गिअरचा ई-सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), 0.76 किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी, 45 लिटरची टाकी. बाहेरून चार्ज करायची सोय नाही. डॅशबोर्डवरचे आकडे कितपत खरे आणि कोणत्या सवयीने पेट्रोल खरंच वाचतं, एवढंच तपासायचं आहे. हाताशी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी डोंगल, हवेचा डिजिटल गेज, मल्टिमीटर आणि वही.

8 फेब्रुवारी, ओडोमीटर 12

टायर थंड असताना चारही चाकांत 44 ते 46 पीएसआय हवा. नव्या गाड्या यार्डात बराच काळ उभ्या असतात, टायर एका बाजूला चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते आणि ताबा देताना ती उतरवायची राहून जाते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे 33 वर आणली. 45 पीएसआयवर गाडी प्रत्येक खड्ड्याला उडते आणि दोष मात्र शॉक ॲब्सॉर्बरला जातो. शिवाय जास्त हवेमुळे ॲव्हरेज थोडं वाढून दिसतं, म्हणजे पहिल्या टाकीचं मोजमापच चुकतं.

12 व्होल्टची छोटी बॅटरी: काहीही चालू नसताना 12.4, रेडीचा, म्हणजे गाडी निघायला तयार असल्याचा, दिवा लागल्यावर 14.1. ठीक. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. इंजिन फिरवण्याचं काम दोन मोटरींपैकी पहिली करते आणि छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत भरते. छोटीवर भार फक्त संगणक जागे करण्याचा आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडण्याचा. म्हणूनच ती मरायला टेकली तरी साध्या गाडीसारखं इंजिन जड फिरून इशारा मिळत नाही. एका सकाळी गाडी रेडी होतच नाही.

मागच्या सीटजवळची जाळी म्हणजे मोठ्या बॅटरीला थंड हवा घेण्याची वाट. तिथे चादर, पिशवी, लहान मुलांची खेळणी काहीही टेकू द्यायचं नाही. बॅटरीने डिकीची जागाही खाल्ली आहे. मोठी सूटकेस उभी राहत नाही, आडवीच ठेवावी लागते.

10 फेब्रुवारी, 38

टाकी फुल केली. पद्धत पुढेही हीच: नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबायचं. वरून थोडं थोडं कोंबलं तर हिशोबात लिटरभराचा फरक पडतो आणि टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा पेट्रोलने भिजतो. तो डबा एकदा भिजला की वास येणं, गरम इंजिन पटकन न पकडणं, चेक इंजिनचा दिवा ही सगळी वरात मागे लागते.

13 फेब्रुवारी, 121

सकाळी बाहेर 11 अंश. रेडी केल्यावर गाडी मोटरवर हलते, पण काही सेकंदांत इंजिन लागतं आणि 1,200 ते 1,300 आरपीएमवर घुरघुरत राहतं. बॅटरी भरलेली असली तरी हेच. चार्जिंगशी याचा संबंध नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर साफ होत नाही, म्हणून मुद्दाम गरम एक्झॉस्ट सोडला जातो. तीन सिलिंडरची थरथर याच वेळी सर्वांत जास्त जाणवते, स्टिअरिंगला आणि सीटच्या तळाला.

डोंगलवर कूलंट 40 अंशांच्या खाली असेपर्यंत थांबल्यावरही इंजिन बंद होत नाही. 40 ते 70 च्या दरम्यान कधी होतं, कधी नाही. 70 ओलांडलं की सहज बंद-चालू सुरू. तोवर पहिल्या चार किलोमीटरचं ॲव्हरेज 13 ते 14. इंजिन तापवत उभं राहण्यात अर्थ नाही, कारण उभ्या गाडीत भार नसतो आणि तापायला दुप्पट वेळ लागतो. हलक्या पायाने लगेच निघायचं. दोन-दोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्यांत हायब्रिडचा फायदा जवळपास मिळतच नाही. कामं एकापाठोपाठ एक जोडली तर मिळतो.

17 फेब्रुवारी, 260

तक्रार सगळीकडे एकच ऐकू येते: पाय दाबला की आधी आवाज चढतो, वेग मागून येतो. कारण रचनेत आहे. प्लॅनेटरी गिअरला तीन अंगं. मधला सूर्यगिअर पहिल्या मोटर-जनरेटरला जोडलेला, ग्रहगिअरचा कॅरियर इंजिनला, बाहेरची रिंग चाकांना आणि दुसऱ्या मोटरला. इंजिनचा टॉर्क किती कुठे जाणार हे दात्यांवरून कायमचं ठरतं. ही मांडणी 1997 मध्ये आलेल्या टोयोटा प्रिअसमुळे सर्वत्र माहीत झाली. तिच्या दुसऱ्या पिढीत सूर्याला 30 आणि रिंगला 78 दाते होते. बेरीज 108, म्हणजे 72 टक्के टॉर्क थेट चाकांकडे आणि 28 टक्के जनरेटरकडे. यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, सरकणारा पट्टा नाही, गिअर बदलणं नाही. पहिल्या मोटरचा वेग कमी-जास्त करून संगणक इंजिनचा आरपीएम हवा तिथे नेऊन ठेवतो. चाकांच्या वेगाशी त्या आवाजाचा मेळ बसत नाही, तो बसायचाही नाही.

त्यात इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, घेतलेल्या हवेतला थोडा भाग परत बाहेर ढकलला जातो, आणि प्रसरणाचा टप्पा हवा दाबण्याच्या टप्प्यापेक्षा लांब चालतो. पेट्रोलमधली उष्णता नीट वसूल होते, पण खालच्या आरपीएमला टॉर्क कमी. ताकद मागितली की त्याला वर चढावंच लागतं. मूळ कल्पना जेम्स ॲटकिन्सनची, 19व्या शतकातली, तीही जोडदांड्यांच्या करामतीने केलेली. आज तेच काम व्हॉल्व्हच्या वेळेने होतं.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, त्यामुळे आरपीएम हातात नाही, पाय आहे. पहिले 1,000 किलोमीटर पाय तळापर्यंत न्यायचा नाही आणि एकाच वेगाने तासन् तास चालवायचं नाही, एवढं पुरे.

22 फेब्रुवारी, 415

प्रवास संपला की स्क्रीनवर ‘ईव्ही 61 टक्के’ असं झळकतं, म्हणजे इतका वाटा इंजिन बंद ठेवून विजेवर. हा आकडा सर्वांत लाडका आणि सर्वांत फसवा. एकतर तो वेळेचा आहे, अंतराचा नाही; सिग्नलला उभं राहिलेलं मिनिटही त्यात ‘ईव्ही’ म्हणूनच मोजलं जातं. दुसरं म्हणजे ती वीज येते कुठून? सगळी पेट्रोलमधूनच, कधी थेट जनरेटरमार्फत, कधी ब्रेकमध्ये परत मिळवून.

बॅटरी 0.76 किलोवॅट-तासांची, पण आयुष्य टिकावं म्हणून संगणक साधारण 40 ते 80 टक्क्यांतच खेळतो. स्क्रीनवर सगळे दांडे भरलेले दिसले तरी आत 80 च्या आसपासच असतात. म्हणजे हाती 0.3 किलोवॅट-तास. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 8.9 किलोवॅट-तास उष्णता. इंजिनने त्यातली 36 टक्के कामाला लावली तर 3.2. भागाकार केला की कळतं: भरलेली बॅटरी म्हणजे 100 मिलिलिटरहून कमी पेट्रोल. सपाट रस्त्यावर, संथ वेगात दोन-तीन किलोमीटर. ही दुसरी टाकी नव्हे, ओट्यावरचा मीठ-मसाल्याचा डबा आहे. हाताशी असावा, पण त्यावर आठवडा निघत नाही.

गाडी फक्त विजेवर चालवायच्या ईव्ही बटणाचंही तेच. इंजिन थंड असेल, चार्ज कमी असेल किंवा वेग वाढला तर ते ऐकत नाही. पार्किंगमधून आवाज न करता गाडी हलवायला चांगलं, बाकी विसरून जावं.

1 मार्च, 652

पहिली टाकी: 614 किमी, 28.9 लिटर, म्हणजे 21.2. स्क्रीन म्हणते 22.6.

ओडोमीटरही तपासला. जीपीएसवर 50.0 किमी झाले तेव्हा गाडीने 50.6 दाखवले. सव्वा टक्का जास्त. त्या हिशोबाने खरं ॲव्हरेज 21.0. पुढच्या नोंदींत ओडोमीटरचाच आकडा ठेवला आहे, कारण तुलना टाकी-टाकीतली आहे.

6 मार्च, 840

ब्रेक पेडलचा पहिला भाग मोटरला जातो, डिस्कला नाही. पेडल आणि कॅलिपर यांच्यामध्ये संगणक बसलेला. किती वीज परत घ्यायची, किती घर्षण लावायचं हे तो ठरवतो. साधारण 10 किमी वेगाच्या खाली मोटरची पकड संपते आणि घर्षणाचा ब्रेक ताबा घेतो. त्या क्षणी पाय तसाच राहिला तर शेवटचा हिसका बसतो आणि मागच्या सीटवरच्याची मान हलते. गाडी थांबण्याआधीच्या दोन मीटरांत पेडल किंचित सैल केलं की हिसका नाहीसा होतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

जास्त वीज परत हवी तर लवकर आणि हलका ब्रेक. बॅटरी किती वेगाने चार्ज घेईल याला मर्यादा आहे; जोरात दाबला की त्या वरचं सगळं डिस्कवर उष्णता होऊन जातं. डॅशबोर्डवरच्या पॉवर मीटरचा काटा चार्जच्या पट्टीत असेल आणि टोकाला टेकला नसेल, तेवढाच दाब.

उलट बाजू अशी की डिस्क वापरातच येत नाही. धुतल्यावर दोन दिवस उभ्या गाडीच्या मागच्या डिस्कवर तांबूस गंज दिसला तो साध्या गाडीत पहिल्या चौकात गेला असता, इथे तसाच राहतो. उपाय: मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, 50 च्या वेगाला न्यूट्रलमध्ये घालून ब्रेक दाबायचा. न्यूट्रलमध्ये मोटर वीज घेत नाही, त्यामुळे पूर्ण काम पॅड करतात आणि डिस्क घासून निघते. महिन्यातून एकदा बस्स. पॅड खूप टिकतात, पण कॅलिपरच्या स्लाइड पिन न हलल्यामुळे जाम होतात. सर्व्हिसला पिन काढून ग्रीस करायला वेगळं सांगावं लागतं. ‘पॅड भरपूर आहेत’ एवढंच ऐकून परत येऊ नये.

न्यूट्रलवरून आणखी एक. ट्रॅफिकमध्ये न्यूट्रल टाकून बसायची जुनी सवय इथे घातक: एसी बॅटरी खात राहतो आणि न्यूट्रलमध्ये ती भरत नाही. डीमध्ये ऑटो-होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) लावा, नाहीतर पी.

12 मार्च, 1,090

ईव्हीच्या लाडक्या आकड्याची परीक्षा. तोच 14 किमीचा शहरातला रस्ता, तीच वेळ, तापलेलं इंजिन, दोन पद्धती.

पहिली: इंजिन लागू नये म्हणून पाय पिसासारखा. वेग रेंगाळत वाढतो, बॅटरी 40 कडे घसरते, मग इंजिन सक्तीने लागतं आणि गाडीही ओढतं, बॅटरीही भरतं. ईव्ही 64 टक्के, ॲव्हरेज 22.8.

दुसरी: निघताना निर्धास्त पाय, इंजिनला लागू द्यायचं, पॉवर मीटरचा काटा इकोच्या पट्टीच्या वरच्या टोकाला ठेवून 50 गाठायचं, मग पाय पूर्ण उचलायचा. इंजिन बंद. नंतर पाय अगदी हलका टेकवायचा, इतकाच की ऊर्जेच्या चित्रात बॅटरीकडून बाणही नाही आणि बॅटरीकडे बाणही नाही. गाडी तशीच तरंगत जाते. 38-40 वर आली की पुन्हा तेच. ईव्ही 51 टक्के, ॲव्हरेज 25.7.

पुढे अनेकदा करून पाहिलं, आकडे हलले तरी क्रम उलटला नाही. कारण सरळ आहे: इंजिन, जनरेटर, बॅटरी, मोटर, चाक या वाटेवर प्रत्येक नाक्याला थोडी ऊर्जा गळते, एकूण पाव ते तिसरा हिस्सा. इंजिन चालू आहेच तर त्याची ताकद थेट चाकांना देणं स्वस्त. आणि ॲटकिन्सन इंजिन मध्यम भारावर सर्वांत कार्यक्षम, हलक्या भारावर नाही. त्याला थोडा वेळ पण नीट कामाला लावायचं, मग पूर्ण झोपवायचं.

20 मार्च, 1,418

दुसरी टाकी: 766 किमी, 32.6 लिटर, 23.5. स्क्रीन 24.9. पुन्हा सहा टक्क्यांची फुगवट, म्हणजे ती ठरलेली दिसते. स्क्रीनच्या आकड्याला 0.94 ने गुणायचं.

24 मार्च, 1,630

घाट उतरताना बॅटरी अर्ध्या वाटेत भरली आणि इंजिन एकदम किंचाळू लागलं. बिघाड नाही, हिशोब आहे. माणसं-सामानासह 1,500 किलो, उतार 300 मीटर उंचीचा, सहा किलोमीटरचा. उंचीतून मिळणारी ऊर्जा 4.4 मेगाज्यूल, म्हणजे 1.2 किलोवॅट-तास. 40 च्या वेगाला टायरचं घर्षण आणि हवा मिळून त्यातलं 0.35 खातात. उरलेल्या 0.87 पैकी बॅटरीपर्यंत 70 टक्के पोचलं तर 0.6. बॅटरीत जागा जास्तीत जास्त 0.3. अर्ध्या वाटेत भरणारच.

भरली की संगणक पहिल्या मोटरने इंजिन फिरवतो, पेट्रोल न देता; हवा दाबण्यात ऊर्जा जिरते. आवाज त्याचाच. गिअर लिव्हरवरचा बी मोड (उतारासाठीचा इंजिन ब्रेक) हेच काम आधीपासून करतो, म्हणजे डिस्कवर भार येत नाही. लांब उताराला माथ्यावरच बी लावायचा. एरवी बीमध्ये चालवू नये: या रचनेत बी जास्त वीज परत देत नाही, उलट थोडी फुकट घालवतो. शहरात बीवर फिरणारे पुष्कळ भेटतात, ‘चार्ज जास्त होतो’ म्हणून. होत नाही.

रिव्हर्सची गंमत चढावर कळते. मागे जाताना गाडी फक्त मोटरवर जाते, इंजिनचा उपयोग फक्त वीज करायला. बॅटरी उतरलेली, गाडी भरलेली आणि रॅम्प तीव्र असेल तर जोर अपुरा वाटतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये तोंड बाहेर करून लावणं शहाणपणाचं.

30 मार्च, 2,105

हायवेची टाकी: 687 किमी, 33.4 लिटर, 20.6. स्क्रीन 21.8. निराशा झाली तर रचना समजली नाही असं म्हणावं लागेल. हायब्रिडची कमाई ब्रेकमधून परत मिळणाऱ्या ऊर्जेची आणि बंद इंजिनाची. 100 च्या सरळ वेगाला दोन्ही नाहीत. उरतं ते कार्यक्षम इंजिन आणि समोरची हवा.

उंच गाडीला हवा महाग पडते. 80 ला हवेचा विरोध सुमारे 260 न्यूटन, 100 ला 400. टायरचा दोन्हीकडे 150 च्या आसपास. बेरीज 410 विरुद्ध 550, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला 34 टक्के जादा काम. क्रूझवर मोजलं तर 80 ला 26 च्या वर, 100 ला 20 च्या खाली. टपावर कॅरियर लावून हायब्रिडच्या ॲव्हरेजची तक्रार करणाऱ्यांनी आधी कॅरियर उतरवावा.

5 एप्रिल, 2,390

बाहेर 36 अंश. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गार हवा कमी होत नाही. साध्या स्टार्ट-स्टॉप गाडीपेक्षा हा खरा फरक. उभ्या गाडीत केबिन गार झाल्यावर कॉम्प्रेसर, पंखे, संगणक मिळून 1.3 किलोवॅट. 60 वरून 40 टक्क्यांवर यायला सात मिनिटं, मग इंजिन लागतं, थोडं भरून पुन्हा बंद. ऊन्हात तापलेली गाडी लगेच बंद काचांनी 20 अंशांवर लावली तर हाच भार दुप्पट होतो. आधी दोन मिनिटं काचा उघड्या, मग 24-25.

मागच्या जाळीतला पंखा या तापमानाला ऐकू येतो. यावा. आवाज वाढत जाऊन कायम राहिला तर जाळीमागचा फिल्टर धुळीने बसला असं समजायचं.

9 एप्रिल, 2,460

आठवडाभर उभी. छोटी बॅटरी 12.3. जास्त दिवस उभी ठेवायची तर आठवड्यातून एकदा पीमध्ये, रेडी करून, अर्धा-पाऊण तास. ब्रेक न दाबता बटण दाबून गाणी ऐकणं म्हणजे फक्त छोटी बॅटरी रिकामी करणं. तेव्हा कन्व्हर्टर बंद असतो. दुसऱ्या गाडीवरून जंप घेता येतो, पण या गाडीवरून दुसऱ्याला द्यायचा नाही. ही छोटी बॅटरी आणि तिच्या वायरी स्टार्टरच्या करंटसाठी केलेल्याच नाहीत.

टो करायची वेळ आली तर पुढची चाकं जमिनीला लागता कामा नयेत. ती फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. फ्लॅटबेडच मागवावा. पेट्रोल संपल्यावर ‘बॅटरीवर पंपापर्यंत जाऊ’ हाही मोह नको. तळापर्यंत उतरलेली मोठी बॅटरी पुन्हा उठवणं रस्त्यावरचं काम नाही.

19 एप्रिल, 2,930

चौथी टाकी: 825 किमी, 33.1 लिटर, 24.9. स्क्रीन 26.4. बहुतेक शहरातलं, एसी कायम चालू, दुसऱ्या पद्धतीने चालवलेलं. ईव्हीचा आकडा मात्र दुसऱ्या टाकीपेक्षा कमी.

थंड टायरमध्ये 35 पीएसआय निघाले, हवा न भरता. तापमान दर साडेपाच अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे ऋतू पालटला की पुन्हा स्टिकरवर आणायचे. 33 केले.

ऑइलची डिपस्टिक: पातळी ठीक, पण टोपणाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर साय. वारंवार बंद होणारं इंजिन छोट्या फेऱ्यांत पुरतं तापत नाही, आतली वाफ निघून जात नाही. तासभराचा सलग प्रवास झाल्यावर पुसून पुन्हा पाहायचं. साय गेली तर विषय संपला. राहिली आणि कूलंटची पातळीही उतरत असेल तर वर्कशॉप. मोटरींना वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची कूलंटची बाटली वेगळी आहे, तीही त्याच वेळी पाहायची. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही आणि बोनेटखाली प्रेशर वॉशर नको, हे धुणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.